गोऱ्या गालावरची सावली

गोऱ्या चेहऱ्यावर कंटूर लावणं अवघड असतं. हे मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल या गावी एका लहानशा पार्लरमध्ये शिकले, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना. सकाळी कॉलेज, दुपारी पार्लर आणि संध्याकाळच्या बसने परत गाव. पार्लर चालवणाऱ्या बाईंना सगळे आपा म्हणायचे. खाली त्यांच्या नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान, वर एका खोलीत पार्लर आणि रस्त्याच्या पलीकडे राइस मिल. मिलचा कोंडा हवेवर येऊन आरशांवर बसायचा. माझं पहिलं काम आरसे पुसण्याचं होतं. मी पुसता पुसता बघत राहायचे आणि आपा काम करता करता बोलत राहायच्या.

कंटूर म्हणजे सावली. गालाच्या हाडाखाली, जबड्याच्या कडेला, नाकाच्या दोन्ही बाजूंना थोडा गडद रंग लावून पसरवायचा, म्हणजे तिथे सावली पडल्यासारखी वाटते आणि चेहरा रेखीव दिसतो. आपा म्हणायच्या, "सावली कभी लाल देखी है तूने? मग गालावर लाल काऊन लावून राह्यली?" आमच्या बाजारात मिळणारे बहुतेक रंग तांबूस. गव्हाळ चेहऱ्यावर ते खपून जातात, गोऱ्या चेहऱ्यावर विटेचा चुरा लागल्यासारखे दिसतात. म्हणून राखाडीकडे झुकणारा रंग घ्यायचा. पण तोही जरा जास्त झाला की मार लागल्यासारखा काळानिळा डाग दिसतो. कातडीपेक्षा एक छटा गडद, फार तर दोन. मनगटावर लावून बघायचं नाही, कारण आमच्याकडच्या मुलींचं मनगट धानाच्या कामात रापलेलं असतं आणि चेहऱ्यापेक्षा वेगळंच बोलतं. जबड्याच्या कडेला रेघ ओढायची आणि ती ट्यूबलाइटखाली नाही, दारात, दिवसाच्या उजेडात बघायची. पार्लरचं दार जिन्यावर उघडायचं. खाली बांगड्या भरायला आलेल्या बाया वर बघायच्या म्हणून आपा स्वतः ओढणीचा आडोसा धरून उभ्या राहायच्या.

हे सगळं मी मन लावून शिकले. माझ्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नव्हतं. बाबांना सही करता येते, आईला तीही नाही. त्यामुळे कोणी काही शिकवायला लागलं की ते माझ्यावर उपकार करत आहेत असं मला वाटायचं, आणि अजूनही वाटतं. बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी आपांनी मला कंटूरची एक डबी भेट दिली. तिच्यात सहा खळगे होते, सर्वांत फिक्या रंगापासून गडदपर्यंत. "डिग्रीवाली आर्टिस्ट हाय आता माझ्याकडं," असं त्या येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायच्या.

माझी धाकटी बहीण गोरी होती. घरात आम्ही बाकीचे तिघेही सावळे. लहानपणी शेजारणी आईला विचारायच्या, "हे कोणाची उचलून आणली वं?" आई हसायची, पण तिला आवडायचं. बाबांना लोक म्हणायचे, "मोठी शिकली, लहानी गोरी. तुमचं त दोन्हीकडून जमलं, भाऊ."

गोरेपणाबरोबर तिला आळशीपणाचंही नाव मिळालं होतं. रोवण्याच्या दिवसांत, म्हणजे धानाची रोपं चिखलात लावायच्या दिवसांत, दोन ओळी झाल्या की ती बांधावर जाऊन बसायची. कामावरच्या बाया टोमणे मारायच्या, "राणीसाहेब, गोरा रंग चिखलात विरघळते का वं?" ती तिथूनच ओरडायची, "विरघळते न! म्हणून त बसली." सगळ्या हसायच्या. थंडीत तिचे गुडघे सुजायचे. आई तेल चोळायची आणि म्हणायची, वाढीचं अंग आहे. शाळेत रक्त तपासायला लोक आले होते त्या दिवशी ती तापाने घरी होती. पुन्हा कधी तपासायचं आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

बारावीनंतर तिला चामोर्शीकडच्या एका गावातून स्थळ आलं. पाहायला आलेल्या बायांनी पाणी पिण्याआधीच पसंती दिली. मुलाची आई म्हणाली, "पोरगी त दुधासारखी हाय." दिवाळीनंतर साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. तिची तयारी मीच करणार हे मी सगळ्यांना सांगून टाकलं. आईबाबांनी मला शिकवलं, त्याची परतफेड करता येईल असं माझ्या हातात तेवढं एकच काम होतं.

पण तिच्या गोऱ्या रंगाला जुळणारी छटा सापडेना. मूलमधून आणलेली एक कांडी लावली तर गाल विटकरी झाले. ती आरशात बघून म्हणाली, "बाई, चुलीसमोर बसली होती का मी?" आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. चंद्रपूरला जाऊन दुसरी आणली, ती राखाडी होती. ती लावल्यावर आईने विचारलं, "कोठी पडली वं ही?" शेवटी आपांची डबी काढली. ती मी जपून ठेवली होती, वापरली नव्हती. तिसऱ्या खळग्यातल्या रंगाची रेघ तिच्या जबड्याला ओढली, बोटाने पसरवली आणि रेघ दिसेनाशी झाली. गाल तेवढा थोडा आत गेल्यासारखा वाटला. अंगणात उभी राहून ती हातातल्या आरशात बराच वेळ बघत होती. "हे मी हाय का?" असं तिने दोनदा विचारलं.

लग्न वैशाखात होतं. पंधरा दिवस आधी मी घरीच तिची ट्रायल घेतली. तीच डबी, तोच तिसरा खळगा, तेच अंगण. रेघ पसरवली तर पसरेना. गालावर चिखल लागल्यासारखी दिसत राहिली. मला वाटलं उन्हाने डबी खराब झाली. पुसून दुसऱ्या खळग्यातला रंग लावला, तोही गडद वाटला. मग पहिल्या खळग्यातला, सगळ्यांत फिका, लावला. तो जुळला. मला आपण काहीतरी कोडं सोडवल्याचा आनंद झाला. आई म्हणाली, "हे त अजून गोरी झाली." लग्नाआधी मुलीला तेज चढतं असं सगळेच म्हणतात. आम्हीही म्हटलं.

दोन दिवसांनी तिच्या भुवया करायला तिला मूलला नेलं. जिना चढून वर आल्यावर ती दाराशीच बसली. दम लागला होता. मी आपांना मोठ्या हौसेने सांगितलं की तिसऱ्या खळग्याचा रंग आता चालत नाही, पहिला लागतो. आपांनी ओढणी धरली नाही. त्या तिच्यासमोर बसल्या, तिचा हात हातात घेऊन नखं बघितली, मग ओठ.

"ही गोरी नाही, बेटा," त्या मला म्हणाल्या. "ही फिकी पडली हाय. दवाखान्यात ने. आजच ने."

बहीण हसली. "आपा, मी लहानपणापासूनच अशी हाय."

"म्हणूनच म्हणते."

त्या दिवशी मी तिला दवाखान्यात नेलं नाही. आधी घरी विचारावं म्हणून आम्ही बसने परत आलो. आई चुलीपुढे होती. ऐकून तिने हातातला चिमटा खाली ठेवला. "तेरा दिवसांवर लग्न हाय. दवाखान्याच्या रांगेत कोणी पाह्यलं त काय म्हणन? पोरीले रोग हाय म्हणन. होऊन जाऊ दे. मग जाऊ."

आई काही खोटं बोलत नव्हती. आमच्याकडे लग्न ठरलेली मुलगी दवाखान्याच्या रांगेत दिसली की ती घरी पोचायच्या आधी बातमी सासरी पोचते. रांगेत कोणाची ना कोणाची मावशी असतेच. बाबा दारात बिडी ओढत बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तू शिकलेली हायस. तू सांग."

घरातला मोठा प्रश्न बाबांनी माझ्यावर सोपवायची ती पहिलीच वेळ. मी मांडवासाठी आणून टाकलेले बांबू बघितले, वाटून झालेल्या पत्रिका बघितल्या, आईचा चेहरा बघितला. बहीण माझ्याकडे बघत होती, तिला लग्न हवं होतं.

मी म्हटलं, "लग्न झाल्यावर जाऊ."

लग्नाच्या दिवशी दुपारचा मुहूर्त होता. मी तिला सकाळपासून तयार करायला बसले. काजळ लावताना खालची पापणी बोटाने जरा खाली ओढावी लागते. आतली कड गुलाबी असते. शेकडो मुलींच्या पापण्या मी अशा ओढल्या असतील, ती गुलाबी कड मला पाठ होती. तिची कड पांढरी होती, भाताच्या पेजेसारखी. माझं बोट तिथेच थांबलं. तिने विचारलं, "काय झालं, बाई?" मी म्हटलं, "काई नाई, हलू नको." काजळ त्या कडेवर फार ठसठशीत उठून दिसलं. मग मी गालांना नेहमीपेक्षा जास्त गुलाबी रंग लावला, ओठांना आतपर्यंत लाली भरली आणि नखांना गडद पॉलिश लावलं. आपांनी जिथे जिथे बघितलं होतं, तिथे तिथे मी रंग दिला. हे मला तेव्हा कळत होतं की नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. हात तर बरोबर त्याच जागी जात होता.

मी आजवर केलेलं ते सगळ्यांत चांगलं काम. सासू म्हणाली, "फोटोतल्यासारखी दिसून राह्यली." तो फोटो आमच्या घरी भिंतीवर आहे.

दवाखान्यात जायचं राहून गेलं. लग्नानंतर ती सासरी, मी पार्लरमध्ये. फोनवर विचारलं की ती म्हणायची, "बरी हाय वं, उगाच नको." आषाढात सासरच्या शेतात रोवणा सुरू झाला. नव्या सुनेला बांधावर कोण बसू देणार? आणि तिथे हसून उत्तर देण्याएवढी तिची ओळखही झाली नव्हती. चौथ्या दिवशी ती चिखलात पडली आणि तिला परत उठता आलं नाही. अंगभर दुखत होतं. जावयाने मोटरसायकलवर मागे एका बाईला बसवून, बहिणीला मध्ये धरून, रस्त्यापर्यंत आणलं आणि तिथून गडचिरोलीला नेलं.

आम्ही पोचलो तेव्हा डॉक्टर तिला तपासत होत्या. माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी अंगठ्याने तिची खालची पापणी ओढली, अगदी मी ओढते तशी, आणि आत बघितलं. "इतके दिवस कोणाच्याच लक्षात आलं नाही?" त्यांनी विचारलं. त्या सगळ्यांकडे बघून विचारत होत्या. मी खाली बघितलं.

सिकलसेल निघाला, रक्ताचा आजार. आमच्या भागात हा शब्द शाळेच्या भिंतीवर लिहिलेला असतो. मी तो शेकडो वेळा वाचला आहे. तिचे सुजलेले गुडघे, तो ताप, बांधावरचं बसणं, सगळं त्यात होतं. जन्मापासून होतं. आमच्या घरात सगळ्यांत शिकलेली मीच होते.

बाहेर बाकावर सासू बसली होती. आईने तिला पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही. "रंग फासून देली आमाले," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. आई काहीतरी बोलायला गेली, मी तिचा हात धरला. रंग मी फासला होता, मग आईने उत्तर कशाला द्यायचं?

रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून तिच्या तोंडावर ऊन आलं आणि आम्ही मायलेकी बघतच राहिलो. तिच्या गालावर रंग आला होता. गोरा नाही, गव्हाळ, मधासारखा. आई हळूच म्हणाली, "अवं, हे त माझ्यावर गेली." एवढ्या वर्षांत तिला पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या रंगात बघून आईला रडू आलं.

जावई तिला आमच्या घरी सोडून गेला. "बरी झाली की येतो," म्हणाला. त्याच्या मनात खोट नव्हती, असं मला वाटतं. आधी दर आठवड्याला फोन यायचा, मग पंधरा दिवसांनी. आपांना जाऊन मी सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या दिवशी नेलं नाहीस?" मी नाही म्हटलं. त्या ब्रश धुवायला घेऊन मागे गेल्या आणि खूप वेळ नळ चालू होता.

बहिणीला आता रोज गोळ्या असतात. चंद्रपूरला दाखवावं लागतं आणि लागेल तेव्हा रक्त चढवावं लागतं. रक्त चढवून आणल्यावर तिसऱ्या खळग्याचा रंग तिच्या गालाला जुळतो. हे मला सहज कळलं, एकदा डबी पुसताना बोटाला लागलेला रंग तिच्या गालाला लावून बघितला तेव्हा. मग काही दिवस जातात आणि तोच रंग चिखलासारखा दिसायला लागतो. तेव्हापासून मी दर आठवड्याला तिला दारात उभी करून जबड्याला रेघ ओढते. डॉक्टरांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ही काही तपासणी नाही, रक्त तपासूनच कळतं. पण तुम्ही वेळेवर येता, ते चांगलं आहे. मी मान हलवली. रेघ ओढायचं काही सोडलं नाही.

गेल्या माघात जावयाचा फोन आला. त्याची आई आणि मामी गुरुवारी येणार होत्या. "आई म्हणते एकदा पाहून घेऊ. बरी दिसली त घेऊनच जाऊ."

गुरुवारी सकाळी बहीण आंघोळ करून लग्नातली साडी नेसून माझ्यापुढे येऊन बसली. साडी नेसून तिला दम लागला होता. आई म्हणाली, "तुझी डबी काढ." बहीण म्हणाली, "बाई, लग्नात केलं तसंच कर."

मी तिला दारात आणलं. तिसऱ्या खळग्यातून बोट फिरवून रेघ ओढली आणि पसरवली. रेघ तशीच राहिली. हातातल्या आरशात तिलाही दिसली.

"पहिल्यातला लाव न," ती म्हणाली. "तो जुळते."

तिला सगळे खळगे माझ्याइतकेच पाठ झाले होते. मी तिची पापणी ओढून बघितली. पेजेचा रंग.

"चंद्रपूरले जा लागते," मी म्हटलं.

"उद्या जाऊ. आजचा दिवस होऊन जाऊ दे, बाई. तुझ्या पाया पडते."

बाबा दारात होते. या वेळी त्यांनी मला काही विचारलं नाही. मीच त्यांच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "साडेनवाची बस हाय." बाबांनी खुंटीवरची पिशवी काढली, तिच्यात दवाखान्याचे कागद असतात.

बहीण रडत रडत बसमध्ये चढली, त्याच साडीत. चंद्रपूर येईपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून बसली. दवाखान्यात नर्सने विचारलं, "गालाले काय लागलं तुमच्या?" तिने पदराने पुसलं नाही. "बहिणीनं रेघ ओढली," एवढंच म्हणाली आणि हात पुढे केला.

आमच्यामागे घरी पाहुण्या आल्या होत्या. आईने चहा केला, पोरगी दवाखान्यात गेल्याचं खरं तेच सांगितलं. सासूने भिंतीवरचा फोटो जरा वेळ बघितला आणि दोघी दुपारच्या बसने गेल्या. त्यानंतर फोन आलेला नाही. आम्हीही केला नाही.

महिनाभर ती माझ्याशी नीट बोलत नव्हती. रेघ मात्र ओढू द्यायची. परवा सकाळी मी मूलला निघाले होते, तर ती आपणहून दारात येऊन उभी राहिली आणि हनुवटी वर केली. मी पर्समधून डबी काढली. तिसरा खळगा आता तळापर्यंत गेला आहे, मध्ये पत्रा दिसतो. कडेचा रंग खरवडून घेतला आणि रेघ ओढली.

"पसरव," ती म्हणाली.

मी पसरवली. तिने आरसा मागितला नाही, माझ्याच तोंडाकडे बघत राहिली. मग आत गेली आणि दवाखान्याच्या कागदांची पिशवी घेऊन बाहेर आली.